बसून राहिलेली माणसं

वैजयंती कारखानीसच्या क्लिनिकमध्ये लोक मन मोकळं करायला येत, आणि ज्यांच्याविषयी बोलत ती माणसं तिथेच ठेवून जात.

सांगणारा हलका होऊन जिना उतरायचा. ज्याच्याबद्दल सांगितलं तो वेटिंग रूममधल्या खुर्चीवर बसून राहायचा. अकरा वर्षांत अशी एक्केचाळीस माणसं साठली होती. अख्खं त्यांतलं कोणीच नव्हतं. जेवढं सांगितलं गेलं, तेवढंच माणूस यायचं. एका सुनेची सासू म्हणजे मुरडलेले ओठ आणि पदराला मारलेली गाठ. एका शिक्षिकेचे मुख्याध्यापक म्हणजे टेबलावर टकटक करणारी पेन्सिल आणि ती धरणारी दोन बोटं. एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक निंबाळकर दोन वर्षं येत होते. त्यांचे वडील म्हणजे एक उजवा हात आणि खोकला. कोणाचाच कोणाला त्रास नव्हता. फक्त जागा उरली नव्हती.

आणि हे बोलायची चोरी. क्लिनिकमधलं क्लिनिकबाहेर काढायचं नाही, ही तर या धंद्याची पहिली शपथ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वैजयंती दिवसभर ऐकायची, संध्याकाळी सांगलीच्या त्या दुसऱ्या मजल्याला कुलूप लावायची आणि घरी जाऊन छताकडे बघत पडायची. आठ महिने तिला झोप नव्हती. नवरा, शशिकांत, भला माणूस. तो दूध-जायफळ देऊन थकला. शेवटी तिनं ठरवलं, हा महिना बघायचा. जागा झाली नाही आणि झोप आली नाही, तर क्लिनिक कायमचं बंद. ज्यांना अजून बरंच सांगायचं होतं, त्यांचं काय होईल, या विचारानं तिला रडू यायचं. पण करणार काय?

तेव्हा कॉलेजातून फोन आला. दोन इंटर्न ठेवून घ्याल का?

रुक्साना मुजावर आणि ऋतुजा चौगुले सोमवारी सकाळी दहाला आल्या. वैजयंतीनं त्यांच्यापुढे गोपनीयतेचा फॉर्म ठेवला. सही करेपर्यंत दोघींना खोली रिकामी दिसत होती. सही झाली आणि ऋतुजा पटकन उभी राहिली, कारण ती मुख्याध्यापकांच्या बोटांवर बसली होती.

"सॉरी हां सर," ती म्हणाली.

"मॅडम, ही सगळी आपलीच का?" रुक्सानानं विचारलं.

"आपलीच."

"चहा देऊ का त्यांना?"

"घेत नाहीत. तोंडं फार थोड्यांना आहेत."

निंबाळकरांनी रुक्सानाला समोर बसू द्यायला हरकत घेतली नाही. "बसू दे की. पोरगी शिकंल," म्हणाले. वैजयंती कोपऱ्यात बसली. निंबाळकर नेहमीसारखे वडिलांच्या हाताविषयी बोलू लागले. तो कसा उठायचा, कुठे बसायचा. वैजयंतीला पुढचं वाक्य पाठ होतं. असा माणूस थांबला की ती म्हणायची, "आलं लक्षात." तिच्या लक्षात खरंच लवकर यायचं. याबद्दल तिचं नाव होतं.

रुक्सानाच्या लक्षात काही आलं नाही. ती म्हणाली, "काका, ते चपला कुठं काढायचे?"

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. कुठल्या पुस्तकात असा प्रश्न नव्हता.

निंबाळकर मात्र थांबले. मग हसले. "काढायचेच न्हाईत! तसंच आत. कापशीची जाडजूड पायताणं. टाच निम्मी भाईर. डाव्या पायाची करंगळी वाकडी, लहानपणी चाकाखाली गेलेली. माझी बी तशीच हाय बघा, कशानं न गेलेली." आणि चप्पल काढून त्यांनी पाय दाखवला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. ऋतुजानं दार किलकिलं करून सांगितलं, "मॅडम, हाताला पाय आलेत. ते निघालेत."

तिघींनी खिडकीतून बघितलं. पाय करकर वाजत फाटकाबाहेर पडले आणि मिरजेच्या रस्त्याला लागले. बरोबर हात होता, आणि खोकला ऐकू येत होता. निंबाळकरांना त्यातलं काही दिसलं नाही. "आज जरा बरं वाटलं," ते म्हणाले.

वैजयंतीला आधी रागच आला. अकरा वर्षं तिनं लोकांची मनं वाचली, आणि माणसं बसून का राहतात हे तिला कळलं नाही. साधी गोष्ट होती. पायांचं कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायच्या आत तिच्या लक्षात यायचं. राग ओसरल्यावर मात्र ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त हसली.

पुढचे तीन आठवडे दोन्ही पोरी वाट्टेल ते विचारत होत्या. सासू चालताना जोडव्यांचा आवाज व्हायचा का? मुख्याध्यापक मोजे घालायचे का? येणारी माणसं आधी गोंधळायची, मग भरभरून सांगायची, आणि बाहेर एकेक खुर्ची मोकळी व्हायची. सासू जाताना पदराची गाठ सोडून गेली. आत चिंचेची चार बोटुकं निघाली. महिनाअखेरीस खोलीत एकही माणूस उरला नव्हता. वैजयंतीनं स्वतः फरशी पुसली. कितीतरी दिवसांनी तिला फरशीचा रंग दिसला.

झोप मात्र आली नाही. अठ्ठावीस, एकोणतीस, छत तसंच. जागा झाली आणि झोप नाही, म्हणजे अर्धीच गोष्ट झाली. तिनं बंद करायच्या पाटीचा मजकूर लिहून ठेवला.

तिसाव्या तारखेला शुक्रवार होता. शुक्रवारी चार वाजता इंटर्ननी एकमेकींशी बोलायचं, जे टोचतं ते मनात ठेवायचं नाही, हा नियम वैजयंतीनंच घातलेला. दोघी मागच्या खोलीत बोलल्या. पावणेपाचला वैजयंती आपल्या टेबलामागून बाहेर डोकावली, तर वेटिंग रूममध्ये कोणीतरी बसलेलं होतं.

नुसती मान. ती हलत होती. वर, खाली. वर चष्मा आणि विस्कटलेला अंबाडा, वैजयंतीचाच.

"हे कोणाचं?" तिनं विचारलं.

"माझं," ऋतुजा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, तुम्ही ऐकताना मान हलवता, पण आत कोणी नसतं असं वाटतं. मला फार वाईट वाटायचं. म्हणून रुक्सानाला सांगितलं."

गुरूची विद्या गुरूला मिळाली. वैजयंती मानेकडे बघत राहिली. मान समजूतदारपणे हलत होती. इतकी दमलेली मान तिनं अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

"पायांचं सांगितलं नाहीस?"

"पाय कधी बघितलेच नाहीत. टेबलाखाली असतात."

वैजयंतीनं आतली खुर्ची मागे ओढली. टेबलाला वळसा घालून ती लोक बसतात त्या सोफ्यावर बसली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय पुढे केले. रुक्साना खाली फरशीवरच बसली.

"टाचांना भेगा आहेत," रुक्साना म्हणाली. "खोल. घोट्याला सूज. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. कशानं?"

"आलं ल..." वैजयंती सवयीनं म्हणाली आणि थांबली. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही गं." आणि ती रडू लागली, अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखी. दोघींपैकी कोणीही मान हलवली नाही. ऋतुजानं नुसतं विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं."

बाहेर मानेचं हलणं थांबलं. पाय आले, आधी भेगा, मग टाचा. मान उठली, आत आली, वैजयंतीच्या चपला तिनं पायांत सरकवल्या, पर्स गळ्यात अडकवली आणि जिना उतरली. फाटकाशी तिला बघून एक रिक्षा थांबली, म्हणजे ही सही न केलेल्यांनाही दिसत होती. रिक्षा वैजयंतीच्या घराच्या दिशेनं वळली.

खोलीत छान वारा येत होता. वैजयंतीनं पाटीचा कागद फाडला. सहाच्या नवीन बाईंना येऊ द्या, म्हणाली. मग अनवाणीच टेबलापाशी जाऊन तिनं घरी फोन लावला.

"कोण?" शशिकांत अगदी दबक्या आवाजात म्हणाला.

"मी वैजू."

"हळू बोल," तो म्हणाला. "ती आत्ताच झोपलीय. घोरतेय चक्क."

वैजयंतीनं फोन ठेवला, तोही आवाज न करता.