मागचा दिवा

सायकलच्या मागच्या दिव्यावरून नवऱ्याने दुकानदाराशी चक्क वाद घातला, आणि तोही तिच्या सायकलच्या दिव्यावरून, तेव्हा बाजूच्या स्टुलावर बसलेल्या तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्या वस्तूसाठी हा माणूस कधी दुकानात इतका वेळ उभा राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. चपला घ्यायच्या असल्या तरी "तुला आवडतील त्या घे" म्हणून हा बाहेर फूटपाथवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत बसायचा. आज मात्र काउंटरवर दिव्यांची रांग लागली होती आणि एकही स्वारीच्या पसंतीला उतरत नव्हता.

सायकलवाला त्याचा शाळेतला दोस्त. शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे भीडभाड नव्हती.

"अरे फूटपट्टी, हा बघ," सायकलवाला म्हणाला. "एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. भिजला तरी काही होत नाही. आणि लुकलुकतो पण कसा, बघ."

"लुकलुकणारा नको."

"का नको? लुकलुकणाराच डोळ्यात भरतो. ट्रकवाल्यांचं लक्ष जातं. नुसता जळणारा दिवा म्हणजे त्यांना काय, असेल कुठला तरी."

"एकसारखा जळणारा दे. मोठा. आणि बॅटरी उतरायला लागली की मंद होत जाणारा नको."

"दिवा वहिनींना हवाय की तुला?"

फूटपट्टी हे त्याचं जुनं नाव. तो काचेच्या कारखान्यात काचा कापायचा, आणि खिडकीची चौकट नुसती नजरेने बघून तिला केवढी काच लागेल ते सांगायचा. मग कुणी तरी हट्टाने टेप लावून बघायचं आणि गप्प बसायचं. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं तो घरात सगळ्यांना वाचून दाखवायचा. आपल्या डोळ्यांचा त्याला जरा गर्वच होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही होता.

"हे बघ, सोपं आहे," सायकलवाला समजावण्याच्या सुरात म्हणाला. "पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून. मागचा दिवा आपण दिसावं म्हणून. दिसण्या-दिसण्यात फरक आहे की नाही, वहिनी?"

"भाऊजी, तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं."

ती आणि सायकलवाला दोघे हसले. नवरा हसला नाही. त्याने त्यातला सगळ्यात थोराड दिवा उचलला आणि तिला म्हणाला, "हा घेऊन मागच्या खोलीत जा."

मागची खोली म्हणजे टायर-ट्यूबचं गोदाम. त्याने तिला पार पलीकडच्या भिंतीशी उभं केलं, दिवा कमरेच्या उंचीवर धरायला लावला आणि दार ओढून घेऊन अंधार केला. दिवा डावीकडे ने म्हणाला, उजवीकडे ने म्हणाला. मुलगी बघायला आल्यासारखा हा गंभीरपणा बघून तिला हसू फुटत होतं, पण तिने दाबून ठेवलं.

"चालेल," तो शेवटी म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला आवाजावरूनही कळला.

"तुमच्यासाठीही एक घ्या की," ती म्हणाली. त्याच्या सायकलचा पुढचा दिवा चिकटपट्टी लावून बसवलेला होता, आणि मागच्याची काच कधीच फुटली होती. काच कापणाऱ्याच्या घरी काचेची अशी तऱ्हा.

"माझं चालतंय," तो म्हणाला आणि सायकल आणायला बाहेर गेला.

तेवढ्यात सायकलवाला काउंटरवरून पुढे वाकला. "वहिनी, हे बटण दोनदा दाबलं की लुकलुकतो. माझं ऐका, कालव्याच्या रस्त्याला तसाच ठेवा. पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या त्या माणसाला टेम्पोने मागून उडवलं, ऐकलंत ना? दिवा होता बिचाऱ्याला, पण एकसारखा जळणारा. टेम्पोवाला म्हणाला, मला वाटलं लांब कुठे तरी घर आहे. आमचा हा मुलखाचा हट्टी, त्याला सांगूच नका."

तिने ऐकलं होतं. तो माणूस अजून अंथरुणातच होता, आणि पुढे चालेल की नाही ते कुणी सांगत नव्हतं.

सायकल ती आत्ता आत्ता शिकली होती, म्हणजे गुडघे कुरकुरायच्या वयात. त्याआधी ती बसने जायची. गणवेश शिवायच्या कारखान्यात तिचं काम, त्याच्या कारखान्याच्या जरा अलीकडे. पण बस सगळ्या गावाला वळसा घालून यायची. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "सायकल शीक. बरोबर जाऊ, बरोबर येऊ." तिला आधी थट्टाच वाटली. पण तो पुढच्याच सुट्टीला तिला मैदानावर घेऊन गेला आणि सीट धरून मागे धावला. ती किती तरी वेळा पडली, गुडघे सोलून निघाले, आणि हा एरवी चहा गार झाला तरी कुरकुरणारा माणूस एकदाही चिडला नाही.

तेव्हापासून संध्याकाळ म्हणजे तिच्या दिवसाचा जीव झाली होती. काम सुटलं की तो तिच्या फाटकापाशी उभा असायचा, उजेड असतानाच आलेला. "तू पुढे हो, मी मागे आहे," हे रोजचं ठरलेलं. ती पुढे आणि तो तिच्या दिव्यामागे. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती. रस्त्याला खांब होते, पण त्यावरचे दिवे कधी लागलेले कुणी पाहिले नव्हते. ती मान मागे न वळवता मोठ्याने दिवसभराचं सगळं सांगत सुटायची आणि तो मागून हुंकार देत यायचा. घरी चार भिंतींत त्यांचं इतकं बोलणं वर्षानुवर्षं झालं नव्हतं. रात्री तो न विसरता तिचा जुना दिवा चार्जिंगला लावायचा. स्वतःचा लावायला विसरायचा, तिचा नाही. सकाळी निघताना डबा घेतलास का, हे नाही विचारायचा; दिवा घेतलास का, हे विचारायचा.

"या वयात नवरा तुझ्या मागे लागलाय, बाई!" शेजारच्या मशिनवरची मैत्रीण म्हणायची, आणि सगळा कारखाना हसायचा. ती वरवर रागवायची. पण आतून खूश असायची, हे कशाला नाकारा. माझी राखण करत येतात, हे तिने माहेरी फोन करूनसुद्धा दोन-तीनदा सांगून झालं होतं.

त्या टेम्पोची गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जाईना. मागून काही आलं तर आधी कोण? आधी तो. फुटका दिवा लावून, तिची पाठ सांभाळत. नव्या दिव्याचा उजेड निदान त्याच्याही अंगावरून पलीकडे जाईल, लुकलुकता ठेवला तर मागच्या गाडीवाल्याला दोघे दिसतील, असा तिने आपला हिशेब केला. दुसऱ्या दिवशी कामावरून निघताना फाटकापाशी तिने त्याला दाखवण्यासाठी दिवा एकसारखा लावला. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर हात मागे नेऊन बटण दोनदा दाबलं.

सूर्य बुडाला होता, पण आभाळात उजेड होता. पाण्यावरचा गाळ, काठावरचे दगड, सगळं चांगलं दिसत होतं.

"अगं, दिवा!" मागून तो ओरडला.

"चालू आहे!"

"तसा नको! नीट कर!"

"भाऊजींनी सांगितलंय! तुम्हाला नाही त्यातलं कळत!" ती हसून म्हणाली आणि तिने पायडल जोरात मारलं. पुढे कालवा वळत होता, त्याच्याबरोबर ती वळली.

"थांब! अगं थांब!"

मग लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला, आणि काहीतरी धप्पकन पडलं.

सायकल तशीच रस्त्यात टाकून ती मागे धावली. वळणावर तो वळलाच नव्हता, सरळ गेला होता. सायकल काठाच्या दगडांत अडकली होती, आणि तो उतारावर, पाण्यापासून दोन हातांवर, उभा राहायची धडपड करत होता. हनुवटी फुटून रक्त शर्टावर ओघळत होतं. तिने त्याला दंडाला धरून वर ओढलं, रस्त्यावर आणून उभं केलं आणि ओढणीच्या टोकाने रक्त पुसायला पुढे झाली. तेवढ्यात त्याच्या सायकलला अडकवलेल्या पिशवीतली पाण्याची बाटली आठवली म्हणून ती दोन पावलं बाजूला गेली.

"कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"इथेच आहे."

त्याने तिच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. हात तिच्या कानाजवळून पुढे गेला आणि हवेत चाचपडत राहिला. तिला त्याच्या शर्टाची बटणं मोजता आली असती एवढा उजेड होता. आणि तो तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या खांद्याच्या पलीकडे बघत होता.

"अहो, असं काय करता? मी समोर उभी आहे."

हात त्याने हळूच खाली घेतला, चोरी पकडल्यासारखा.

"तुम्हाला दिसत नाहीये?"

"दिवसा दिसतं," तो म्हणाला. "दिवसा काही म्हणता काही त्रास नाही. उजेड उतरायला लागला की जातं. कडेचं आधी जातं, मग सगळंच. दिवा तेवढा दिसतो, समोर असला तर."

"उद्या सुट्टी घ्या. डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊन आलो."

"कधी?"

"तू सायकल शिकायच्या आधी."

तिला आधी ते नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मैदान, सीट धरून धावणं, गोदामात दिवा डावीकडे ने आणि उजवीकडे ने. तिच्यासाठी म्हणून जे जे तिने जपून ठेवलं होतं, ते सगळं त्याच्या सोयीचं निघालं होतं.

"म्हणजे मला शिकवलीत ती यासाठी?"

"हो," तो म्हणाला. नाही म्हणाला असता तरी तिने ऐकून घेतलं असतं, पण तो हो म्हणाला.

"आणि मी गावभर सांगत सुटले, माझी राखण करतात म्हणून!"

"माहीत आहे मला. तुझ्या भावाने फोनवर शाबासकी दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"तरी तोंडातून शब्द काढला नाहीत."

"सांगितलं असतं तर तू मला सायकलवर बसू दिलं असतंस? आणि तिथे कारखान्यात मालकाच्या कानावर गेलं असतं तर उद्या काचेला हात लावू दिला असता? अर्धवट आंधळ्याच्या हातात कोण काच देईल?" त्याने हनुवटीवरचं रक्त बाहीला पुसलं. "डॉक्टर म्हणाले, दिवे कितीही मोठे घ्या, उपयोग नाही. सायकल सोडा म्हणाले. मी म्हटलं, थोडे दिवस काढू. तुझ्या मागून येताना भीती वाटत नव्हती."

तिला रडू आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे तिचं तिलाच सांगता येईना. तिने बाटलीतलं पाणी ओढणीवर घेऊन त्याची हनुवटी पुसली, जरा जोरातच पुसली. शिव्या द्याव्यात की जवळ घ्यावं, यात तिचे हात काम करत राहिले.

"नुसत्या दिव्यामागे कसं येता हो तुम्ही?" तिने विचारलं.

"सवय होते. तू वळलीस की दिवा सरकतो, मग मी वळतो. तू थांबायला लागलीस की मोठा होतो, मग ब्रेक दाबतो. आणि तू बोलत असतेस ना सारखी."

"आणि रस्ता? गाड्या?"

"तू जिथून जातेस तिथून मी जातो. तू नीटच जाणार ना."

परवाच्या दिवशीचं तिच्या डोळ्यांपुढे आलं. पाण्याच्या कारखान्याच्या फाटकातून टँकर बाहेर निघत होता. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून पहारेकऱ्याशी बोलत होता. थांबायचा तिला कंटाळा आला होता, आणि आता हात बसला होता, भीती चेपली होती. टँकरच्या तोंडापुढून ती सुळकन निघून गेली. मागे टँकर हलला, जोरात हॉर्न वाजला, आणि तिने वळून बघितलं तर तो तिच्या मागे होताच, बरोबर दिव्यामागे. "बघा, आता मलाही जमतं की नाही!" असं ती हसत म्हणाली होती, आणि तो "जमतं की" म्हणाला होता.

"परवा," ती म्हणाली, "परवा त्या फाटकापाशी मी टँकरच्या पुढून सायकल काढली, तुम्ही लगेच मागून आलात. मला वाटलं, तुम्ही बघून आलात."

"कुठल्या फाटकापाशी?"

"हॉर्न वाजला नव्हता का मोठ्याने?"

"हां, हॉर्न ऐकला मी," तो म्हणाला. "आपल्यासाठी होता तो?"

ती तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसली, तोंडावर ओढणी दाबून, आवाज न करता. तो मात्र ती मघाशी उभी होती त्या मोकळ्या जागेकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिला.