ओठांना चिमटा

आमच्या लाँड्रीत तोंडानं म्हटल्याशिवाय काही होत नाही. धुतलेला गठ्ठा गिऱ्हाइकाला द्यायचा तर एकानं कपड्याला टाचलेली खुणेची चिंधी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं कपडा उचलून 'आहे' म्हणायचं आणि सगळं जुळलं की काउंटरवरून मी 'दिलं' म्हणायचं. मी 'दिलं' म्हटल्याशिवाय आमच्याकडून हातरुमालसुद्धा बाहेर पडत नाही. आमच्या ह्यांनाही तो अधिकार नाही. एकदा त्यांनी माझ्यामागे परस्पर एक कोट देऊन टाकला, तर तो कोट भलत्याच माणसाच्या अंगावर एक लग्न जेवून आला. तेव्हापासून हे इस्त्रीपाशी आणि मी काउंटरपाशी.

तेव्हा धाकट्या सुनेनं इंग्रजीची परीक्षा द्यायची ठरली, ती तयारीही आम्ही आमच्याच रीतीनं सुरू केली. धाकटा परदेशात एका कारखान्यात मेकॅनिक आहे. कारखाना त्याला बायकोसकट राहायला खोली देतो, पण बायकोनं इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचा दाखला आणला तरच. एकदा ती नापास झाली होती. कारखान्यानं आणखी एक संधी दिली, आणि ती हुकली तर खोली दुसऱ्याला. म्हणजे हा तिकडे एकटा भांडी घासणार आणि ही इकडे माझ्या डोळ्यांसमोर वाळत जाणार.

तशी पोरगी कष्टाला कमी नाही. खुणेच्या कोऱ्या चिंध्यांवर तिनं इंग्रजी शब्द लिहिले, पाठीमागे अर्थ, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवले. चादर काढायला गेलं की शब्द नाकाला लागायचा. कालची क्रियापदं एका दोरीवर, उद्याची दुसरीवर. हे इस्त्री फिरवता फिरवता एखादी चिंधी ओढून विचारायचे, "हं, सांग, ह्याचा अर्थ?" आणि चिंधी उलटी धरल्यामुळे अर्थ तिच्याच तोंडासमोर असायचा.

उतारे मात्र माझ्या ताब्यात. ती घड्या घालायच्या टेबलापाशी उभी राहून वाचायची आणि मी काउंटरवरून ऐकायची. वाफेचा सूंसूं आवाज चालू असायचा, म्हणून मी म्हणायची, "पोटातून आवाज काढ, मला इथं ऐकू आलं पाहिजे." इंग्रजी मला येत नाही, पण माणूस कुठं अडखळतो ते कळायला भाषा लागत नाही. अडखळली की मी टेबलावर हात आपटायची, "परत! पहिल्यापासून!" महिन्याभरात ती अशी घडाघडा वाचायला लागली की शेजारची शिंपीण पँटी टाकायला आली तेव्हा दारातच थबकली.

"काय हो, बातम्या लावल्यात का?"

"बातम्या कशाला," मी म्हटलं, "सून वाचतेय आमची."

शिंपिणीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते बघून मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

पण क्लासवाल्या सरांनी सराव परीक्षा घेतली आणि वाचनातच ती सपशेल पडली. बोलण्यात पास, ऐकण्यात पास, लिहिण्यात काठावर, आणि वाचनात, जिथं आम्ही घसा कोरडा केला तिथं, पाण्यात. मी पदर खोचला आणि तिला घेऊन तडक क्लासमध्ये गेले.

सर अगदी कोवळे. माझ्याकडे बघून त्यांनी आधी चष्मा पुसला. "काकू, ही वाचताना ओठ हलवते. मागच्या वेळी खऱ्या परीक्षेतही हिला दोनदा ताकीद मिळाली होती. आवाज बाहेर येत होता."

"मग? चोरी तर नाही ना केली?"

"तिथं मोठ्यानं वाचायचंच नसतं. मनात वाचायचं, आणि मग उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची." त्यांनी एक पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. "वाच बघू, घरी वाचतेस तसं."

ती नळ सोडावा तशी वाचत सुटली. मी मान ताठ करून बसले.

"छान. आता सांग, कशाबद्दल होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"काहीतरी... पुलाबद्दल?"

"पूल शेवटच्या ओळीत आहे," सर हळूच म्हणाले. "उतारा मधमाश्यांचा आहे."

परत येताना मी भराभर पुढं चालत होते. दोन गल्ल्या झाल्यावर तिला राहवेना. "आई, रागावलात का?"

"विचार करतेय. मला तसं बघायची तुला सवय नाही, म्हणून भीती वाटली असेल."

चूक माझी, असं मी म्हणणार नाही. रीत चांगली होती, चुकीच्या जागी लागली एवढंच. तोंड धावत होतं आणि डोकं घरी बसलं होतं. त्याच संध्याकाळी मी फर्मान काढलं: धाकटी पुस्तक घेऊन बसली की दुकानात कुणी शब्द काढायचा नाही. आणि तिला म्हटलं, "ओठ हलले तर चिमटा लावीन."

ती हसली. मी दोरीवरचा चिमटा काढून खरंच तिच्या हातात दिला. तिनं तो ओठांना लावला आणि तशीच वाचायला बसली.

सगळ्यांना वाटलं की शिक्षा तिला झाली. शिक्षा झाली मला. आयुष्यभर मी माझ्या जिभेवर हे दुकान चालवलं. आता गिऱ्हाईक आलं की मी बोटांनी खुणा करायची, हे भुवया उडवून 'आहे' म्हणायचे, आणि मी मान हलवून गठ्ठा पुढे सारायची. जीभ टाळ्याला धडका मारायची. मी उठून कॉलरी चाचपायची, पुसलेलं काउंटर परत पुसायची, दारात जाऊन यायची, बसायची, परत उठायची. हे कुजबुजले, "अहो, तुमच्यापेक्षा बॉयलर शांत आहे." तेवढ्यात शिंपीण आली. आम्ही तिघं मुकी, सुनेच्या तोंडाला चिमटा. तिनं पिशवी छातीशी धरली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

चिमटा उडाला तो थेट ह्यांच्या इस्त्रीवर. धाकटी हसून हसून टेबलाखाली बसली.

हळूहळू ओठ थांबले. मग मी दुसरं काम हाती घेतलं. उतारा मनात वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि काय होतं ते मला साध्या मराठीत सांगायचं. मग मी तिची उलटतपासणी करायची, डाग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची करते तशी. कुणी केलं? का केलं? तुला कुणी सांगितलं? तिथं आहे की तुझ्या पदरचं? प्रश्न पुस्तकात असायचेच. प्रत्येक वाक्यावर सांगायचं, हे खरं, खोटं, की उताऱ्यात लिहिलेलंच नाही.

हा तिसरा प्रकार मला पहिल्यांदा पटेना. लिहिलेलं नाही हे काय उत्तर झालं? शिंपिणीनं आमचा नवा पडदा बघून 'बरा आहे' म्हटलं तर ती काय म्हणाली ते मला कळतंच की. न बोललेलंच तर ऐकायचं असतं! आणि धाकटी नेमकी तिथंच आपटायची. खरं-खोटं बरोबर यायचं. तिसऱ्यात तिचं घोडं पेंड खायचं.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हाचा उतारा अजून माझ्या डोक्यात आहे. एका बेटावर एक म्हातारी राहते, मेंढ्या पाळते. तिच्याकडे कामाला असलेली मुलगी बोटीनं दुसरीकडे नोकरीला जाते. बोट सुटते तेव्हा म्हातारी दारात उभी असते. पुढं सगळं मेंढ्यांच्या लोकरीबद्दल. प्रश्न असा, की मुलगी गेल्याचं म्हातारीला दुःख झालं. धाकटीनं लिहिलं, खरं. पुस्तकातलं उत्तर, लिहिलेलं नाही.

"असं कसं?" ती तावातावानं म्हणाली. "झालंच असणार दुःख."

"दुःख झालं, असं लिहिलंय?"

"नाही. पण ती दारात उभी राहिली असं लिहिलंय."

"मग ती दारात उभी राहिली. बास. वारा खात असेल. मेंढी शोधत असेल."

"आई, कुणी एवढ्यासाठी दारात उभं राहतं का?"

"मी राहते. दिवसातून दहादा."

"तेच तर," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

ह्यांची इस्त्री थांबली. मला ते चांगलंच जाणवलं, कारण बाहीवर इस्त्री थांबली की माझा जीव वर येतो.

"आई, एक विचारू? मी गेलेली तुम्हाला नकोय. खरं, खोटं, की लिहिलेलं नाही?"

"इस्त्री उचला, करपेल," मी ह्यांना म्हटलं, आणि मागच्या अंगणात गेले. सगळ्या चादरी कोरड्या होत्या, तरी एकेक चाचपत राहिले. दोरीवरच्या उद्याच्या क्रियापदांनी नुसता वैताग आणला.

मी तिला 'जा' म्हटलं नव्हतं. 'राहा'ही म्हटलं नव्हतं. शिकवत होते, ओरडत होते, चिमटा लावत होते, पण ती एक गोष्ट बोलले नव्हते. ती आली तेव्हा बटणसुद्धा नीट लावता येत नव्हतं तिला. आज शर्टाचा कफ तिच्याइतका सुरेख कुणी दुमडत नाही. आणि कफ काय, कुणीही शिकेल. माझ्या एका टोमण्याला दोन परत करणारी दुसरी कुठून आणू? ही पोर उताऱ्यातल्या प्रत्येक गप्प माणसाच्या जागी मला बसवत होती आणि माझं उत्तर माझ्याऐवजी तीच लिहीत होती. तेही मार्क जायच्या ठिकाणी.

आठवडा मी उकळत काढला. सांगायला म्हणून तोंड उघडायची आणि निघायचं भलतंच. "खळ पातळ झालीय." "तो पिवळा डाग कुणी घासला?" ती मान वर करायची, वाट बघायची, परत पुस्तकात.

परीक्षेच्या दिवशी मी बरोबर गेले. हे म्हणाले, "तुम्ही जाऊन काय करणार?" मी म्हटलं, "उभी राहणार." केंद्र म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. जिन्यात पोरं-पोरी कागद चाळत उभी. फाटकावर पहारेकरी एकेकाचं ओळखपत्र बघत होता. धाकटीचे ओठ, इतक्या दिवसांनी, परत हलायला लागले होते.

रांग पुढं सरकली. तिच्यापुढं दोघंच उरले. मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं.

"अहो, रांग," पहारेकरी म्हणाला.

"रांग कुठं पळून जात नाही. तुम्ही त्या पोराचं बघा." मग मी तिच्याकडे वळले. "ऐक. एकदाच सांगणार आहे. तू गेलीस की मला दुकान खायला उठेल. हे खरं. तू जावंस असं मला वाटतं. हेही खरं. तू गेल्यावर मी रडणार आहे की नाही, ते कुठंही लिहिलेलं नाही, आणि तू ते तिथं लिहायचं नाहीस. कळलं? आत जाऊन माझ्या पदरचं एक अक्षर जोडू नकोस."

तिचे डोळे भरले. "आई..."

"नाक पूस. ओळखपत्रावर तुझा फोटो कोरडा आहे."

पहारेकऱ्याला हसू आलं. ती आत गेली. ओठ मिटलेले होते.

मी समोरच्या बाकावर बसले, उठले, पाण्याच्या नळापर्यंत गेले, परत आले. पहारेकरी म्हणाला, "मावशी, खुर्ची देऊ का?" मी म्हटलं, "खुर्चीचा काय दोष? तीही दमेल." बाकी तिथं काय काय केलं ते सांगत नाही. ती बाहेर आली तेव्हा 'कसं गेलं' असं मी विचारलंही नाही. वाटेत साबण घ्यायचा होता तेवढा घेतला.

निकाल फोनवर आला, भर गर्दीच्या वेळी. शिंपीण काउंटरशी उभी, हे इस्त्रीपाशी, धाकटी घड्यांच्या टेबलापाशी. फोन वाजला, तिनं उचलून बघितला. आणि वाचायला लागली. मनात. ओठ हलेनात, भुवई हलेना, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी शिकवलं होतं ना! वरून खाली वाचलं, परत वर गेली, परत खाली आली. माझ्या हातातल्या शर्टाची माझ्याकडून पार दोरी झाली.

"अगं बये," मी शेवटी ओरडले, "मोठ्यानं वाच की!"

तिनं मान वर केली आणि चिंधी वाचतात त्या सुरात, पोटातून आवाज काढून वाचलं. ऐकणं, पास. बोलणं, पास. लिहिणं, पास. मग थांबली, कारण माझीच सून ती.

"वाचन," ती म्हणाली, "पास."

"आहे!" हे इस्त्रीपासून ओरडले. सवयच ती.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे, ती, शिंपीणसुद्धा. माणूस म्हणजे काही गठ्ठा नाही आणि खूण वाचली म्हणजे घर सोडलं असंही नाही, हे मला कळतं. पण दुकानातली रीत ती रीत. मी तो चुरगळलेला शर्ट काउंटरवर ठेवला, हातानं सपाट केला, परत सपाट केला. तो काही सपाट होईना.

"दिलं," मी म्हटलं.

आणि हा शर्ट परत इस्त्रीला टाका म्हणून सांगून मी जरा दारात जाऊन उभी राहिले.