वरचं दार, खालचं दार

मेकाँगच्या कालव्याकाठी एक जुनी भातगिरणी होती. शनिवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. उदबत्त्यांच्या धुरानं माणसं खोकत होती, पण उठत कुणीच नव्हतं. मागे नुसते बघे होते; पुढच्या रांगेत दहा 'निवडलेले' बसले होते. फुटबॉलच्या पैजेसाठी साऊ गुरुजींनी दिलेल्या चार चिठ्ठ्या त्यांच्या बाबतीत लागोपाठ खऱ्या झाल्या होत्या. थोआचा नवरा लुआन त्यांतलाच एक. त्याच्या मांडीवर घराचं लाल पुस्तक होतं; ते ज्याच्या हाती, घर त्याचं.

थोआ दाराशीच उभी होती, आठ महिन्यांची न्यी कडेवर.

"माणूस अख्खा गोल मारतो," साऊ गुरुजी डोळे मिटून घुमत होते. "मग पैजेतला अर्धा गोल मारतो कोण? पाहिलाय कधी कुणी?"

"नाही, गुरुजी!"

"कसा दिसेल! तो या कालव्यात बुडालेल्या गोलकीपरचा आहे! वरचं दार जिंकणार की खालचं, ते तोच माझ्या कानात सांगतो." मग आवाज एकदम खाली आला. "पण चिठ्ठी दुसऱ्याला दाखवलीत, तर घरातल्या सगळ्यांत लहान जीवाला तो पाण्याकडे बोलावून नेतो."

थोआचा हात न्यीच्या पाठीवर घट्ट झाला. कालवा त्यांच्या घराला लागूनच होता. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली बाई ती. तरी महिनाभर मागची कडी दोन दोनदा तपासत होती.

सकाळीच तिनं लुआनला विचारलं होतं, "हे वरचं-खालचं दार आहे तरी काय?"

"अगं, तगडा संघ म्हणजे वरचं दार. तो दुबळ्याला अर्धा गोल आधीच देऊन टाकतो. तगडा एका गोलानं जरी जिंकला, तरी वरचं दार जिंकलं. हरला, तर खालचं."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तरी खालचंच. त्यांच्याकडे अर्धा गोल जास्त ना!"

"म्हणजे तिसरं काही होऊच शकत नाही?"

"आता तू मला फुटबॉल शिकव!" तो हसला. "चार वेळा खरं झालंय, थोआ. आज लाल पुस्तकच लावतो. पुढच्या महिन्यात तुझं धुणं बंद."

ती भाड्याच्या खोल्यांतल्या माणसांचे कपडे धुवायची. लुआन गेल्यावर क्वी नावाच्या भाडेकरूचा शर्ट भिजवण्याआधी तिनं नेहमीसारखे खिसे उलटे केले; न्यी सापडेल ते तोंडात घालायची. पिवळी चिठ्ठी निघाली. गेल्या शनिवारची. त्यावर लिहिलं होतं, खालचं दार.

लुआनची त्याच सामन्याची चिठ्ठी पूर्वजांच्या फोटोंपुढे ठेवलेली होती. वरचं दार.

क्वी कपडे न्यायला आला. "दादा, हल्ली गुरुजींकडे दिसत नाही तुम्ही?"

तो खाली बघत पुटपुटला, "मनात शंका आली माझ्या, वहिनी. म्हणून हुकलं. कुणाला बोलू नका हं."

थोआ न्यीला उचलून तडक गिरणीत आली होती.

आता दहा जणांच्या हातात नव्या चिठ्ठ्या पडल्या. पैज लावायची ती गुरुजींच्या मेहुण्याकडेच, असा नियम. लुआन पुस्तक घेऊन उठला.

"थांबा," थोआ म्हणाली. "आधी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"ए बाई, कडेवर लेकरू आहे, त्याचा तरी विचार कर!" एक म्हातारी ओरडली.

"तोच करतेय, आजी." तिनं लुआनच्या हातातली चिठ्ठी ओढून उघडली. "वरचं दार. भाऊ, तुमची?"

शेजारच्या माणसानं मूठ आणखी आवळली. बाहेर पाणी काठाला चपचप आपटत होतं. न्यीनं त्या आवाजाकडे मान वळवली; थोआनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

शेवटी त्या माणसानं मूठ सोडली. "खालचं."

"माझंही खालचं!"

"माझं तर वरचं!"

"ज्याचं जसं मन, तसं त्याचं दार!" गुरुजी कडाडले.

"सामना एकच आहे, गुरुजी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोआ लोकांकडे वळली. "पहिल्या शनिवारी इथं एकशेसाठ तरी माणसं होती. निम्म्यांना वरचं दार दिलं, निम्म्यांना खालचं. ऐंशी जणांचं खरं होणारच होतं. बाकीचे लाजून घरी बसले. ऐंशीचे चाळीस, चाळीसचे वीस, वीसचे हे दहा. हे भूत नाही, भागाकार आहे. बरोबरी म्हणून तिसरं काही उरलं असतं, तर एखाद्या शनिवारी वरचेही चुकले असते आणि खालचेही. गिरणी एका दमात रिकामी झाली असती. म्हणून यांना अर्धा गोल लागतो."

"पण माझं चार वेळा..." लुआन पुटपुटला.

"तुझं झालं नसतं, तर दुसऱ्या कुणाचं झालं असतं. आज तो घर घेऊन इथं उभा असता. आणि आज हुकतील त्या पाचांची घरं मेहुण्याच्या खिशात."

बाहेर मेहुण्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. लुआननं पुस्तक शर्टाच्या आत खोचलं.

सगळ्यांना पटलं असं नाही. "पुढच्या शनिवारी बघू," म्हणणारेही होते. साऊ गुरुजी आता दुसऱ्या कालव्यावर बस्तान मांडतील, तिथलं भूत वेगळं असेल. म्हणून एवढंच सांगणं आहे: कुणी चिठ्ठी दिली, मंत्र दिला, औषध दिलं आणि 'कुणाला सांगू नका' म्हणाला, तर आधी शेजारी जाऊन सांगा. आणि ज्यांचं खरं झालं त्यांना विचारू नका. ज्यांचं हुकलं, त्यांना शोधून काढून विचारा.