चॅनल बारावरची तालीम

ऑस्ट्रेलियातलं जुनं थ्रीजी नेटवर्क बंद झालं त्या आठवड्यात आमच्या भागातले निम्मे फोन मुके झाले. लोकांनी कुरकुरत नवे घेतले. कोरली हॉकिंगनेही घेतला, पण तिचं घर खोलगट जागी आणि टॉवर टेकडीपलीकडे, त्यामुळे तो नवा फोन फक्त घड्याळ दाखवायच्या कामाचा उरला. ॲडलेडला राहणारी तिची मुलगी ब्रॉनविन म्हणाली, आई, तू एकटी. पडलीस झडलीस तर ॲम्ब्युलन्स कशी बोलावशील? आणि तिने ठरवूनच टाकलं. रविवारी ट्रेलर घेऊन येणार आणि आईला सामानासकट घेऊन जाणार.

कोरली गावच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, गव्हाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर काम करते. ती जाणार ही बातमी माझ्या क्लेममामाला शुक्रवारी पत्ते खेळताना तिनेच सांगितली. मामी गेल्यापासून शुक्रवारची संध्याकाळ दोघांची असते. पत्ते, चहा आणि कोरलीने आणलेलं मटण, कारण मामाला स्वयंपाक येत नाही. मामा बातमी ऐकून फक्त "बरं" म्हणाला आणि पुढचा पत्ता टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने गहू कापला त्या शेतात मधेमधे न कापलेल्या गव्हाच्या पट्ट्या उभ्या राहून गेल्या. आमच्याकडे रस्त्याकडेच्या शेतात अशी पट्टी राहणं म्हणजे शेतकऱ्याची अब्रूच गेली. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथे वेग कमी करायची.

मी भौतिकशास्त्राची पदवी संपवून कापणीपुरती मामाकडे आले होते. हार्वेस्टरच्या बाजूने ट्रॅक्टर चालवायचा आणि त्यातून पडणारा गहू ट्रॉलीत घ्यायचा, हे माझं काम. मला वाटलं, अडचण रेंजची आहे, तर रेंज आणू. मंगळवारी मी कोरलीच्या छपरावर चढले. उंच खांबावर अँटेना बसवला, टेकडीतल्या खिंडीकडे तोंड करून तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिले. शेवटी फोनवर दोन काड्या आल्या. मी खाली उतरले तेव्हा मला स्वतःचा भलताच अभिमान वाटत होता.

कोरलीने फोन हातात धरून बघितला. मग मला केकचा तुकडा कापून दिला.

"रेंज आली गं," ती म्हणाली. "पडले तर ॲम्ब्युलन्स येईल. पण न पडता रोज बोलू कुणाशी?"

माझ्या सगळ्या मोजमापांत हा प्रश्न कुठेच नव्हता.

घरी येऊन मी मामाला हे जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, तिने जाऊ नये असं मला वाटतं हे तिला कळत असेलच. मी म्हटलं, तुझ्या "बरं"मधून ते कुणालाही कळणार नाही. त्यावर त्याने कबूल केलं की शब्द घशाशी येतात आणि तिथेच बसतात. मी त्याला उपाय सुचवला: तालीम कर. हार्वेस्टरची केबिन बंद असते, तिथे मोठ्याने बोलून बघ. तिथे ऐकतंय कोण?

आमच्या प्रत्येक हार्वेस्टरमध्ये, ट्रकमध्ये, पिकअपमध्ये एक रेडिओ असतो आणि तो कापणीच्या दिवसांत चॅनल बारावरच असतो. मायक्रोफोनचं बटण दाबलं की आपलं बोलणं सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जातं. वजनकाट्यावरच्या टेबलावरही एक रेडिओ आहे. बुधवारी दुपारी मामाने जेवणाची पिशवी सीटच्या बाजूला कोंबली. मायक्रोफोन तिच्याखाली दाबला गेला.

मी ट्रॅक्टरमध्ये होते. अचानक रेडिओतून मामाचा आवाज आला.

"कोरली, मी क्लेम बोलतोय." मग स्वतःलाच, "तिला माहितीये तू क्लेम आहेस ते, गाढवा."

मी माझं बटण दाबून ओरडले. काही उपयोग नव्हता. ज्याचं बटण दाबलेलं आहे तो बोलू शकतो, पण त्याला ऐकू येत नाही. कुणीच त्याला थांबवू शकत नव्हतं. मी ट्रॅक्टर त्याच्या दिशेने वळवला, पण तो शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

मामाने तीनचारदा सुरुवात केली आणि सोडून दिली. हवामानावर बोलला. मग एकदम सुटलाच.

"अगं, मला स्वयंपाक येतो. आधीपासून येतो. तू डबा आणतेस म्हणून बोललो नाही. तुझ्याकडे आता दोन काड्या आल्या, माझ्याकडे तर एकही नाही. पण एकाच घरात असलो तर फोन कशाला लागतो? एवढंच म्हणायचंय. तू जाऊ नकोस. माझ्याकडे ये."

तेव्हा मला क्षितिजावरची धूळ दिसली, म्हणजे दिसेनाशी झालेली दिसली. प्रत्येक चालत्या हार्वेस्टरमागे धुळीचा उंच लोट असतो. ते लोट एकेक करून खाली बसत होते. ऐन कापणीत, वाळलेला गहू समोर उभा असताना, सगळ्यांनी यंत्रं थांबवली होती.

मी मामाच्या पुढे आडवा ट्रॅक्टर घातला, शिडी चढले, दार उघडलं आणि पिशवी उचलली. त्याने मायक्रोफोन पाहिला. त्याचा चेहरा आधीच उन्हाने लाल होता, त्यावर आणखी लाल चढला.

मामाच्या रेडिओवर आता दुसऱ्यांचं ऐकू येणार होतं. आधी खरखर आली. मग कोरलीचा आवाज आला, काट्यावरचा, कामाचा आवाज.

"क्लेम, तुला स्वयंपाक येतो हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुझ्या ओव्हनमध्ये नेहमी काहीतरी लपवलेलं असायचं." मग त्याच आवाजात म्हणाली, "रविवारी ब्रॉनविन ट्रेलर घेऊन येतेय. माझं सामान कुठे उतरवायचं ते तिला तूच सांग."

मामा मायक्रोफोनकडे बघत राहिला. मी त्याच्या वतीने बटण दाबलं आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"बरं," तो म्हणाला.

यावर काट्याच्या रांगेत अडकलेला ट्रकवाला आर्नो क्लाइनिग म्हणाला, लग्न ठरलं असेल तर आता माझा ट्रक मोजा, ऊन फार आहे. मग जो तो बोलू लागला आणि चॅनलवर नुसता गोंगाट झाला. कुणी मामाला ओव्हनमधल्या पदार्थाची कृती विचारली. कुणी हॉर्न वाजवला, तो रेडिओतून आणि शेतापलीकडून असा दोनदा ऐकू आला.

मामाने आवाज कमी केला.

"म्हणजे सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं. "अगदी सुरुवातीपासून."

त्याने मला ट्रॅक्टर बाजूला घ्यायची खूण केली आणि गिअरवर हात ठेवला.

"बरं झालं. दुसऱ्यांदा मला जमलं नसतं."