थोरल्यांनी मला तपासून पाहिलं

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टोपण केव्हाच हरवलंय, अंगावर घरातल्या चिमुरडीच्या दातांच्या खुणा आहेत, आणि ज्या घरात मी दिवस काढले त्या घराबद्दल मला काडीचाही आदर उरलेला नाही.

कारखान्यातून मी चांगला तावूनसुलाखून बाहेर पडलो होतो. पण पडलो कुणाच्या हाती, तर या घरातल्या थोरल्यांच्या! हे गृहस्थ कचेरीत साहेब आहेत म्हणे. काम झालं की मला खसकन उपटायचे. संगणक बिचारा सांगायचा, थांबा, लिहिणं चालू आहे. यांना कुठला धीर! धाकटी बहीण कानीकपाळी ओरडायची, "दादा, आधी बंद कर, मग काढ." यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, काही होत नाही."

मग या भावाबहिणीच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून त्यांनी नातीसाठी, म्हणजे थोरल्यांच्या लेकीसाठी, एक गोष्ट सांगितली आणि बहिणीने ती रेकॉर्ड करून माझ्यात ठेवली. फक्त माझ्यात! फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथली पुसून टाकली. हिला शहाणी म्हणावं, तर हीसुद्धा त्यातलीच.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. आजोबा घरी आले आणि नातीने हट्ट धरला, "गोष्ट लावा." थोरल्यांनी मला लॅपटॉपला लावलं. रोजच्या हिसडाहिसडीने माझी आतली नोंद विस्कटली होती. कुठली फाइल कुठे आहे, मलाच सांगता येईना. पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायचं का? थोरल्यांनी 'हो' दाबलं. वाचलंसुद्धा नाही!

मी रिकामा दिसू लागलो. पण मित्रांनो, पुसली गेली होती ती नुसती नोंद. गोष्ट आत जशीच्या तशी होती. हे गप्प बसले असते तर ती सगळी परत मिळाली असती. पण गप्प बसतील तर ते थोरले कसले? "चालतोय का बघतो," म्हणत त्यांनी माझ्यात अख्खा सिनेमा भरला. वर खूश! "बघ, ठणठणीत आहे."

बहिणीने मला हिसकावलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"फॉरमॅटनंतर यात काही भरलं का?" त्याने विचारलं.

"दादाने सिनेमा भरला."

"मग त्याखाली दबलं ते गेलं. उरलेलं काढून देतो."

अर्धी गोष्ट मिळाली. घरात सगळे ऐकायला बसले. आजोबांच्या आवाजातला हत्ती चिखलात रुतला, माकडं हसली, "आणि मग हत्तीने काय केलं, ठाऊक आहे..." तिथेच तुटलं.

"काय केलं, आजोबा?" नात वळली. सवयीने त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"पेनड्राइव्हच भिकार," थोरले पुटपुटले. आहेच मी भिकार! आजोबांनी कागदावर शेवट लिहिला आणि थोरल्यांच्या हातात दिला. थोरले घसा खाकरून वाचू लागले.

"तुम्ही नको, बाबा," नात म्हणाली. "आजोबांना लावा ना."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाचा आवाज माझ्यासारख्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकू नका. आणि पडद्यावर काही विचारलं, तर आधी वाचा. वाचता येतं ना तुम्हाला?