पेवातली हळद

माझा भाऊ लालासाहेब गोड बोलण्यात पटाईत. आता त्याचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकाला जाते. पण खरं सांगायचं तर पैसा कसा वाढवायचा हे त्याच्याइतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आमचे हे, म्हणजे नाथाजी, फौजेत हवालदार. मी सासरी रहिमतपुरात, म्हशीच्या दुधावर घर चालवायची आणि यांची मनीऑर्डर होईल तेवढी मागे टाकायची. यांची एकच इच्छा होती. पेन्शनीत आल्यावर गावातच पिठाची गिरण टाकायची, बाकीच्यांसारखं मुंबईला जाऊन कुणाच्या दारात वॉचमन म्हणून उभं राहायचं नाही. रजेवर आले की गिरणीच्या पट्ट्याबद्दल आणि जात्याच्या दगडाबद्दल असे बोलायचे, की मला झोपेत घरघर ऐकू यायची.

मी पोस्टात पैसे ठेवून पाहिले. तिथल्या कारकुनाला माझी सही दरवेळी वेगळी दिसायची. "बाई, परत करा सही," असं म्हणून तो चारचौघांत मला ताटकळत ठेवायचा. हे मी लालाला सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला.

लाला माझ्याहून धाकटा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी भाकरी थापल्यात. पुढं तो सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी झाला, तेव्हा मी गावभर पेढे वाटले होते.

"आक्का, पैसा असा ठिवावा की त्याच्याकडं बघायबी लागू नये," तो म्हणाला. "हळद घ्यायची, हरिपूरच्या पेवात टाकायची, तोंड लिंपायचं आन् इसरून जायचं. तिला कीड न्हाई, उंदीर न्हाई, चोर न्हाई. भाव आला की काढायची. तू निस्ती झोप, हळद जागी ऱ्हाईल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सह्या नकोत, रांगा नकोत, कारकुनाचं तोंड बघायला नको. मी बोरमाळ मोडली, पाटल्या मोडल्या, साठवलेले सगळे पैसे त्यात घातले आणि पदरात बांधून सांगलीला गेले.

हरिपुरात नदीकाठच्या घट्ट मातीत खोल पेवं खणलेली असतात. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढी जागा. आतून वाळक्या पाल्याचं अस्तर लावतात, हळद भरतात, वर दगड ठेवून माती लिंपतात. एकदा लिंपलं की विकेपर्यंत कुणी उघडत नाही. आत वारा कोंडतो, उघडल्या उघडल्या कुणी उतरला तर जीव जातो. लालानं हे सगळं मला समजावलं आणि माझ्यादेखत पेव भरलं. ओल्या मातीवर मी हळदकुंकू वाहिलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्या साली हे रजेवर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पावती घेतलीस का?"

मी फणकारले. "माज्या भावाकडं पावती मागू? आन् भाऊबीजंला त्याला ववाळताना त्वांड कसं दावू?"

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आमच्याकडे बहीण भावाकडं पावती मागत नाही. मागितली तर तिचं माहेर तुटलं म्हणून समजा.

पुढं बाहत्तरचा दुष्काळ पडला. म्हैस विकली, नुसत्या मनीऑर्डरीवर भागेना. मी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. कामावर मिळणारी सुकडी खाऊन आणि रेशनची लाल मिलो ज्वारी दळून दिवस काढले. हाताच्या फोडांतून पाणी यायला लागलं तेव्हा सांगलीला जाऊन लालाला म्हटलं, थोडी हळद काढ.

"खुळी का काय आक्का तू?" तो कळवळून म्हणाला. "आत्ताच तर भाव चढाय लागलाय. आत्ता काढलीस तर लोक हसतील. दम धर गं."

मी दम धरला. परत आले आणि पुन्हा खडी फोडायला बसले. शेजारची मुक्ताबाई म्हणायची, "एवढा सांगलीत भाऊ, मग हितं का मरतीस?" मी आतल्या आत हसायची. तिला काय ठाऊक, माझी हळद जमिनीखाली वाढतेय!

दुसऱ्या वर्षी लालानं सांगलीत दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीला मी टोपलंभर करंज्या करून नेल्या. दिवाणजीच्या पगारात दुमजली घर कसं होतं, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. उलट भेटेल त्याला सांगत सुटले, माझा लाला कर्तबगार आहे.

दर भाऊबीजेला मी सांगलीला जायची. सकाळी लाला मला टांग्यातून हरिपूरला न्यायचा. संगमेश्वराचं दर्शन घ्यायचो, मग पेवाकडे. मी दगडावर हळदकुंकू वाहायची, लाला नारळ फोडायचा आणि अर्धी वाटी माझ्या हातात द्यायचा. संध्याकाळी मी त्याला ओवाळायची. तो ताटात चांगली काठापदराची साडी टाकायचा. त्या साड्या मी रहिमतपुरात मिरवल्या.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात हे पेन्शनीत आले. गावातली एक चालू गिरण विकायला निघाली होती. यांनी विसार दिला, उरलेली रक्कम महिन्याभरात द्यायची ठरली. लालाला निरोप धाडला. "जरा थांबा, भाव पडलाय," असं त्यानं उलट कळवलं. हे म्हणाले, पडला तर पडला, आपण जाऊ. लालाकडे जायच्या आधी पेवाला नमस्कार करावा म्हणून मी यांना थेट हरिपूरला नेलं.

पेव उघडलेलं होतं. हमाल टोपल्या वर ओढत होते. शेजारी हळदीचा ढीग, उन्हात नुसता पिवळाधमक. मला हुंदकाच फुटला. वाटलं, आपल्याला कळू न देता लालानं आधीच काढायला लावली. केवढं हे प्रेम! मी पुढं झाले, ओंजळभर हळकुंडं उचलली आणि यांना दाखवली.

"बाई, खाली ठिवा ती," पेवावरचा राखणदार कोंडीबा म्हणाला. "मालकाला इचारल्याबिगर हात लावू नगासा."

"आवं, मीच मालकीण हाय. लालासाहेब दिवाणजींची भन मी."

कोंडीबानं मुंडासं सारखं केलं. मग ओशाळून म्हणाला, "दिवाणजींनी ह्ये पेव दुष्काळातच इकलं, ताई. त्येंची हळद तवाच निघाली. त्या पाठनं दोनदा भरलं, ह्यो तिसऱ्या शेठचा माल."

"आन् मी दरसाल हळदकुंकू वाहत हुते ते?"

"आमी बगायचो. दिवाणजी म्हनायचे, भनीचा नवस हाय, काय बोलू नगा."

माझ्या ओंजळीतली हळकुंडं यांनी एकेक करून काढली आणि ढिगावर ठेवली. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

लालाच्या दुमजली घरात त्याची बायको अंजना पाणी घेऊन आली. मी तांब्याला हात लावला नाही. लाला अजिबात गडबडला नाही, हेच मला जास्त लागलं.

"बुडिवलं न्हाई आक्का म्या. भाव आला तवा इकली आन् घरात घातली. घर काय परक्याचं हाय? तुजं म्हायारच न्हवं का ह्ये? दरसाल साडी दिली का न्हाई?"

"मी खडी फोडत हुते रं, लाला."

त्यानं तांब्या माझ्याकडं सरकवला.

"मग नारळ का फोडलास दरसाल? मला सांगायचं तरी."

"तुला बरं वाटायचं गं," तो म्हणाला. "म्हनलं, कशाला मोडा."

पैसे गेले ते एक दुःख. पण त्या चार शब्दांनी माझं काळीज जे फाटलं, ते आजही सांधलेलं नाही. कडेवर वाढवलेलं पोर माझ्या भाबडेपणाला दरवर्षी नारळ फोडत होतं, आणि वर मला खोबरं चारत होतं.

गिरण दुसऱ्यानं घेतली. विसार गेला. यांनी पावतीची आठवण एकदा जरी काढली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पावसाळ्याआधी त्यांनी फौजेची ट्रंक पुन्हा भरली आणि मुंबईला एका गिरणीच्या फाटकावर वॉचमन म्हणून रुजू झाले. ती गिरण कापडाची.

भाऊबीजेला मी सांगलीला गेले नाही. दिवस मावळताना लालाच दारात उभा. हातात साडीचा खोका. आळीतल्या बायका बघायला लागल्या. आत येऊन त्यानं भिंतीला टेकवलेला पाट स्वतःच घेतला, मांडला आणि टोपी नीट करून त्यावर बसला.

"चल आक्का, ववाळ. सालाचा सण हाय."

मी तबक काढलं. निरांजन लावलं, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं मांडलं. लालाचा चेहरा खुलला. त्यानं खोका मांडीवर घेतला.

मी त्याच्या शेजारून अंगणात गेले. पश्चिमेला बीजेची कोर नुकती दिसत होती. जिला भाऊ नसतो ती आमच्याकडे भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. लहानपणी अशा बायकांची मला फार कीव यायची.

मी तबक वर धरलं आणि चंद्राला ओवाळलं. सावकाश, पाच वेळा. मुक्ताबाई कुंपणापलीकडं पदर तोंडाशी धरून उभी होती.

"आक्का," आतून लालाचा आवाज आला, कापरा, "आगं, मी हितं बसलोय न्हवं?"

अक्षता मी चंद्राकडं टाकल्या आणि घरात आले. तो पाटावर तसाच होता.

"बसा पाव्हणं," मी म्हटलं. "च्या टाकते."