काळ्या मातीतली तीन भोके

मी एक जुनी लाकडी तिवई आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन न हलता उभे राहणे, हे माझे काम. मित्रांनो, मला तीन पाय आहेत, पण स्वतःहून एक पाऊलही टाकता येत नाही. जो उचलेल त्याच्याबरोबर जायचे आणि जिथे टेकवील तिथे उभे राहायचे. त्यामुळे मी थोडी संशयी झाले आहे. कोण उचलतो आहे आणि कशासाठी, हे मी आधी बघते.

माझा जन्म डार्टमूर नावाच्या उंच, ओसाड माळाखाली एका लहानशा गावात झाला. गावचा सुतार बैलगाडीची चाके आणि शवपेट्या बनवत असे. चाकांसाठी आणलेल्या लाकडातून त्याने माझे पाय तासले, त्यांना जवसाचे तेल पाजले आणि टोकांना लोखंडी टोचे बसवले. सिरिल हॅनाफर्ड नावाच्या पोस्टमनने मला घरी नेले. सिरिल आठवडाभर टपाल वाटायचा आणि रविवारी कॅमेरा घेऊन माळावर चढायचा. त्याच्याबरोबर एडगर लस्कम असायचा. एडगर माळावरची दगडी कुंपणे दुरुस्त करायचा. दोघे शाळेपासूनचे दोस्त होते.

तो माळ सोपा नव्हता. वर चढले की वारा कानशिलात मारायचा. दिसायला हिरवीगार असलेली जमीन पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत आत ओढायची. धुके उतरले की समोर चरणारे माळावरचे तट्टूसुद्धा दिसायचे नाही. सिरिल माझ्या पोटाखाली दगडांची पिशवी लटकवायचा, म्हणजे वाऱ्याने मी थरथरू नये. मग दोघे खडकाच्या आडोशाला बसून मटणाची पास्टी, म्हणजे मोठी खारी करंजी, खात उजेडाची वाट बघायचे. कधी सबंध दिवसात एकच फोटो मिळायचा, कधी तोही नाही. गावच्या छायाचित्र मंडळात सिरिलला बक्षीस मिळाले, तेव्हा तो म्हणाला, "निम्मं बक्षीस तिवईचं आहे." त्या दिवशी मला फार बरे वाटले.

सिरिलची एक आवडती घळ होती. तिथे ओढ्याकाठी एक मोठा खडक दुभंगला होता आणि त्या फटीतून लाल फळांचे एक झाड वर आले होते. पाऊस ओसरल्यावर ढगांतून ऊन तिरपे पडले तर ते झाड पेटल्यासारखे दिसेल, असे सिरिलला वाटे. त्या उजेडाची तो कित्येक वर्षे वाट बघत होता. ही जागा त्याने फक्त एडगरला दाखवली होती.

"कुणाला सांगायचं नाही हं," सिरिल म्हणाला होता.

"माळ काय तुझ्या आजोबांनी मागे ठेवलाय?" एडगर हसला. "बरं बाबा, नाही सांगत."

सिरिलची बायको डल्सीही पूर्वी त्यांच्याबरोबर यायची. एकदा तिने सिरिलच्या कॅमेऱ्याने धुक्यातल्या मेंढ्यांचा फोटो काढला. सिरिलने तो मंडळात सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "आमच्या बायकोचं बोट चुकून दाबलं गेलं." सगळे हसले. डल्सीही हसली. त्यानंतर मात्र गुडघा दुखतो म्हणून ती घरीच राहू लागली.

पुढे काय झाले ते ऐका. एका मंगळवारी सिरिल कामावर गेल्यावर डल्सीने मला दारामागून उचलले आणि जुन्या घोंगडीत गुंडाळले. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. बाई मला विकायला निघाली की काय? ती मागच्या दाराने निघाली, शेजारीण दिसताच भिंतीआड थांबली आणि मग भराभर चालू लागली. मला तर ती चोरच वाटली. घोंगडी सुटली, तेव्हा मी माळावर होते आणि डल्सी माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवत होती. तो कॅमेरा सिरिलचा नव्हता. तो एडगरचा जुना कॅमेरा होता.

कुंपणाचे दगड रचता रचता एडगरने एकदा तिला बघितले होते. ती एक साधा डबा-कॅमेरा दगडावर ठेवून फोटो काढायची धडपड करत होती. त्याने काही न विचारता आपला जुना कॅमेरा तिला आणून दिला. "सिरिलला सांगू नकोस," एवढेच ती म्हणाली, "परत हसेल." एडगरने मान हलवली. हे सगळे ती वाटेत स्वतःशी बोलायची, म्हणून मला कळले. माणूस एकटा असला की वस्तूंसमोर मोकळे बोलतो.

त्यानंतर ती मला बरेचदा नेऊ लागली. एकदा मेंढ्यांच्या मागे जाता जाता तिला सिरिलची ती घळ आपसूकच सापडली. परतल्यावर माझे पाय ओल्या फडक्याने पुसून मला दारामागे होते तसेच उभे करायची. पण माळावरची माती कशी पुसणार? घळीतली माती लोण्यासारखी मऊ असते. मी जिथे जिथे उभी राहिले, तिथे तीन भोके राहिली.

एका रविवारी सिरिलला ती भोके दिसली.

तो वाकला. एका भोकात बोट घालून बघितले. मग त्याने ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या एडगरकडे बघितले. मित्रांनो, ती भोके माझ्याच पायांची होती. सिरिलने मला शेजारी टेकवून माप घेतले असते तरी त्याला कळले असते. पण संशय आला की माणूस जवळचे बघत नाही. घरातली तिवई घरातूनच जात असेल, हे त्याच्या मनातही आले नाही. जागा फक्त एडगरला ठाऊक होती, म्हणजे एडगरनेच दगा दिला, असे त्याने ठरवून टाकले.

तेव्हापासून आमचे रविवार बिघडले. सिरिल एडगरला खोटी वेळ सांगायचा आणि एकटाच आधी निघायचा. घळीच्या तोंडाशी त्याने दोन दगडांमध्ये काळा दोरा बांधला. दोरा तुटलेला दिसला की दात ओठ खायचा; तो मेंढीनेही तोडला असेल, असे त्याला वाटेना. भर पावसात तो खडकामागे लपून बसायचा. मी त्याच्या बाजूला आडवी पडून भिजायचे. उजेड येऊन जायचा, पण त्या दिवसांत माझ्या डोक्यावर कॅमेरा बसलाच नाही.

एकदा चालताना एडगरने विचारले, "माझ्या बुटांकडे काय बघतोयस सारखा?"

"चिखल कुठला आहे ते बघतोय."

"माळावरचा. दुसरा कुठला असणार?"

"घळीतला काळा असतो," सिरिल म्हणाला.

एडगर थांबला. त्याला सगळे कळले, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. एका शब्दात तो स्वतःला सोडवू शकला असता. पण त्याने डल्सीला वचन दिले होते. तो म्हणाला, "तुला काही विचारायचं असेल तर सरळ विचार, सिरिल." सिरिलने विचारले नाही. तो पुढे निघून गेला.

घरी तो डल्सीला म्हणाला, "एडगर्‍यावर माझा विश्वास उरला नाही." डल्सी बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली. "का रे, काय झालं?" तिने विचारले. त्याने भोकांची हकिकत सांगितली. ती काहीतरी बोलेल म्हणून मी दारामागे वाट बघत राहिले. ती पुन्हा बटाटे सोलू लागली. त्या रात्री मला तिचाही राग आला.

शरद ऋतूत गावच्या सभागृहात मंडळाचे प्रदर्शन भरले. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा म्हणून सिरिलने मला नेऊन कोपऱ्यात उभे केले होते. डल्सी दुसऱ्या टोकाला चहा ओतत होती. भिंतीवर एक बिननावाचा फोटो लागला होता. तीच घळ, तोच दुभंगलेला खडक आणि फटीतले झाड, उन्हाने पेटलेले. सिरिल त्याच उजेडाची वाट बघत होता. तो फोटो एडगरने आणून लावला होता. डल्सीने आधी नाही म्हटले होते, मग नाव न लावण्याच्या अटीवर होकार दिला होता.

सिरिल फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माझ्या जागेवरचा फोटो आहे. चोरलेला. कुणी चोरला ते यालाच विचारा."

लोक एडगरकडे बघू लागले. गावातल्या निम्म्या कुंपणांना त्याचे हात लागले होते, तरी कुणी एक शब्द त्याच्या बाजूने बोलले नाही. एडगरने टोपी हातात घेतली.

डल्सीने चहाची किटली खाली ठेवली. "तो फोटो माझा आहे," ती म्हणाली.

"उगाच त्याला पाठीशी घालू नकोस," सिरिल म्हणाला.

"पाठीशी त्याने मला घातलंय, इतके महिने. तुझी भोकं मीच पाडलीत. तुझ्याच तिवईने. दारामागून न्यायचे आणि परत ठेवायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मागे एकदा काढला होता ना एक फोटो," डल्सी म्हणाली. "तू सगळ्यांना हसवलंस."

एडगरने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर पडला. त्या दिवशी एकत्र फोटो निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सिरिल मला खांद्यावर घेऊन एडगरच्या दारी गेला. मला का नेले कोण जाणे. बहुधा रिकाम्या हाताने जायची त्याला लाज वाटली असावी. "माझं चुकलं," तो म्हणाला. एडगर दारातच उभा होता. "तू चिडलास, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण तीस वर्षांची ओळख, आणि तुला मला एक प्रश्न विचारवला नाही." त्याने दार हळूच लावले. आपटले असते तर सिरिलला सोपे गेले असते.

तो हिवाळा मी दारामागे काढला. माझ्या सांध्यांना गंज चढला आणि एका पायाला चीर गेली. बर्फ वितळल्यावर डल्सीनेच मला बाहेर काढले, चिरेत सरस भरला, सांध्यांना तेल दिले. "येतोस का?" तिने सिरिलला विचारले. तो आला. कॅमेरा तिच्या गळ्यात होता आणि मी त्याच्या खांद्यावर. वाटेत एडगरच्या फाटकाशी सिरिल थांबला आणि त्याने हाक मारली. आतून उत्तर आले, "काम आहे." पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. सिरिल मात्र दर रविवारी थांबत राहिला.

माळावर हेदरची जांभळी झुडपे फुलू लागली तेव्हा एका सकाळी फाटक उघडले. एडगर बूट घालून बाहेर आला. त्याने सिरिलच्या खांद्यावरून मला काढले आणि आपल्या खांद्यावर ठेवले. तिघे ओढ्यापर्यंत आले. मग एडगर डल्सीला म्हणाला, "आज कुठे जायचं ते तू सांग."

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर ओल्या पायांनी तिला कोपऱ्यात टाकू नका. आधी पुसा, तेल द्या. आणि आपल्या माणसाविषयी मनात संशय आला तर त्याच दिवशी त्याला विचारा. मला सगळे ठाऊक होते, मित्रांनो, पण मला सांगता येत नव्हते. तुम्हाला बोलता येते.